टीप देणाऱ्याची रोजी

घोड्याविषयीचे प्रेम इस्लामला परके नाही. घोड्याच्या कपाळावरील केसांशी कयामतपर्यंत भलाई बांधलेली आहे, अशा आशयाची हदीस सहीह बुखारीत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेत घोड्यांच्या शर्यती लावल्या. सराव दिलेल्या घोड्यांसाठी लांबचे आणि सराव न दिलेल्यांसाठी जवळचे अंतर ठरवून दिले. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांनी त्या शर्यतीत स्वतः भाग घेतला होता. तेव्हा प्रश्न शर्यतीचा नाही. तिच्यावर लागणाऱ्या पैशाचा आहे.

आचोळ्यात राहणारा एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणू या. तरुणपणापासून तो नालासोपाऱ्याहून लोकलने महालक्ष्मीला जात आला. १८८३ साली सुरू झालेल्या त्या रेसकोर्सवर त्याने आयुष्यभर घोडे पाहिले. घोड्याचे कूळ, जॉकीची हातोटी, पाठीवरचे वजन, मैदानाची ओल यांचा त्याचा अभ्यास दांडगा आहे. तो स्वतः एक रुपयाही लावत नाही. कोणता घोडा जिंकेल ते सांगतो आणि त्याचे पैसे घेतो. त्यावर त्याचे घर चालले, मुलांची शिक्षणे झाली. उतारवयात तो विचारतो, ‘‘मी विद्या विकली. यात हराम ते काय?’’

त्याच्या बाजूने कायद्याचा आधारही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली, घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असा निर्णय दिला. परंतु शरीअतचा प्रश्न निराळा आहे. निकाल नशिबाने लागला की अभ्यासाने, एवढेच ती विचारत नाही. जिंकणाऱ्याच्या हाती आलेला पैसा कोणाच्या खिशातून आला, हे ती विचारते. तिऱ्हाइताने किंवा शासकाने विजेत्या स्वाराला बक्षीस देणे फकीहांनी वैध मानले. मात्र दोन्ही बाजूंनी पैसे लावून हरणाऱ्याचे जिंकणाऱ्याने घ्यावेत, याला त्यांनी जुगारच म्हटले. रेसकोर्सवर खेळणारा तर घोड्यावर बसतही नाही. शिवाय जमलेल्या रकमेतून क्लबचा हिस्सा आणि कर वजा होऊन उरलेलेच वाटले जाते. म्हणजे सर्व खेळणाऱ्यांनी मिळून जेवढे लावले, त्याहून कमीच त्यांच्याकडे परत येते. टीप कितीही अचूक असो, एकाचा लाभ ही दुसऱ्याचीच हानी राहते.

‘मी लावत नाही’ हा बचावही टिकत नाही. सूरह अल-माइदामध्ये पाप आणि अतिरेकाच्या कामी एकमेकांना साहाय्य करू नये, अशी आज्ञा आहे. दारूच्या बाबतीत प्रेषितांनी (स.) पिणाऱ्याबरोबर गाळणाऱ्याचा, वाहून नेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचाही धिक्कार केला. जुगाराची वाट दाखवून मोबदला घेणारा या न्यायातून कसा सुटेल?

पण माझ्या मते त्याचा खरा दोष याहून सूक्ष्म आहे. अज्ञानी माणूस जुगार खेळतो तेव्हा मनात थोडी तरी भीती बाळगून असतो. जाणकाराचा शब्द ती भीती काढून घेतो. रिक्षा चालवणारा, रोजंदारीवर जाणारा माणूस ‘चाचांनी सांगितले आहे’ म्हणून घरखर्चाचे पैसे लावतो. खरी ठरलेली टीप चाचा वर्षानुवर्षे सांगत राहतात. चुकलेल्या टिपा मात्र त्या हरलेल्या माणसाच्या घरीच आठवल्या जातात. ज्या खात्रीचे पैसे घेतले, ती खात्री त्यांच्यापाशी कधीच नव्हती. भविष्याचे ज्ञान अल्लाहखेरीज कोणालाही नाही, हे तर आपण मानतो.

मग अशा माणसाने काय करावे? तौबेचे दार उघडे आहे. पण ज्या तौबेत दुसऱ्याचा हक्क गुंतलेला असतो, ती केवळ अश्रूंनी पूर्ण होत नाही. झालेले नुकसान भरून देणे त्याच्या ऐपतीबाहेरचे असेल. तरीही ज्यांनी विश्वास ठेवला, त्यांना तो आपल्या चुकलेल्या टिपांचा हिशेब खरेपणाने सांगू शकतो. आजवर त्याच्या यशाच्या कथा ऐकून जी मुले महालक्ष्मीकडे वळली, ती कदाचित त्याच्याच तोंडून हे ऐकून परततील. घोड्यांवरचे प्रेम सोडण्याची त्याला गरज नाही. फक्त त्या प्रेमाची किंमत दुसऱ्याच्या चुलीने मोजू नये.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल रोजीवर समाधान मानण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.