आतला दिवा

आमच्या गाडीच्या धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर नावाचा एक चहाडखोर होता. धुरात प्राणवायू किती उरला, हे इंजिनाच्या मेंदूला सांगणे त्याचे काम. म्हातारपणी तो बहकला. ‘पेट्रोल कमी पडतंय’ अशी खोटीच बातमी देऊ लागला आणि मेंदू बिचारा विश्वासाने पेट्रोल ओतत राहिला. अ‍ॅव्हरेज घसरले, गाडी सिग्नलला थरथरू लागली, मागून काळा धूर आला. शेवटी पिवळा दिवा लागला.

नेमकी त्याच आठवड्यात गाडी साडूंना विकायची ठरली होती. मेकॅनिक म्हणाला, “साहेब, दिवा घालवून देतो. दोन-चार दिवस तरी लागायचा नाही.”

दोन-चार दिवस म्हणजे पैसे हातात पडेपर्यंत! मी स्वतःला समजावले, मी खोटं कुठे बोलतोय? दिवा फक्त गप्प बसेल. तेवढ्यात ध्यानात आले, बिघडलेला सेन्सर एकच नाही. माझ्या आतलाही ‘सगळं ठीक आहे’ म्हणू लागला होता.

सेन्सर बदलला. साडूंना बिलही दाखवले. ते पाहून त्यांनी हजार रुपये कमी केले. म्हणाले, “म्हणजे गाडीत काम निघतंय तर!”

प्रामाणिकपणाचे अ‍ॅव्हरेज मुळातच कमी. पण धूर होत नाही.