न केलेल्या कर्माचं फळ

न्यायदर्शन शिकवताना ‘अकृताभ्यागम’ या दोषापाशी मी नेहमी रेंगाळते. न केलेल्या कर्माचं फळ वाट्याला येणं, हे कर्मसिद्धान्ताला अजिबात चालत नाही. उदाहरण म्हणून मी बायथलॉनमधली महिलांची रिले सांगते.

चौघीजणी, प्रत्येकी ६ किलोमीटर स्कीइंग, दोनदा नेमबाजी: आधी पालथं पडून, मग उभ्याने, ५० मीटरवरच्या ५ निशाण्यांवर. नेम चुकलेच तर ३ जादा गोळ्या; त्या एकेक करून हाताने भरायच्या, धपापत्या उराने, गारठल्या बोटांनी. तरीही निशाणा उरला, तर त्यामागे १५० मीटरची दंडफेरी. चूक जिची, फेरी तिचीच. इथवर हिशेब चोख. मग ती पुढचीच्या अंगाला हात लावते, आणि गेलेले सेकंद पुढचीच्या माथी बसतात.

२०१४ला सोची ऑलिंपिकमध्ये युक्रेनने सुवर्ण जिंकलं, रशियाने रौप्य. पुढे उत्तेजकांच्या प्रकरणात २०२० मध्ये क्रीडा लवादाने रशियाच्या दोघींची शिक्षा रद्द केली, तिसरीचा दोष कायम ठेवला. चौथी, एकातेरिना शुमिलोवा, हिला शिक्षा झालेलीच नव्हती. रौप्य मात्र चौघींचंही गेलं.

‘तिचं पूर्वसंचित’ हे उत्तर मला क्रूर वाटतं. माझ्या मते इथे कर्ता संघच आहे. युक्रेनच्या संघात विता आणि वाल्या सेमेरेन्को या जुळ्या बहिणी होत्या. एकीच्या सुवर्णात दुसरीचा वाटा किती, असं कुणी विचारत नाही. पुण्य सामाईक मानायचं, तर पापही मानावं लागेल. पण हेच शुमिलोवाला तोंडावर सांगायला माझी जीभ रेटत नाही.