तारीख उलटलेलं गेज

एका औद्योगिक वसाहतीत एक कारखाना होता. गाड्यांच्या गिअरबॉक्सचे सुटे भाग तिथे तयार होत. मालकांनी तो दोन लेथवर सुरू केला होता आणि पुढे तो चारशे माणसांचा झाला होता. मालकांना सगळे मोठे साहेब म्हणत. त्यांच्या हाताखाली सहा विभागप्रमुख होते. सहाही जण जुने, कामात मुरलेले आणि कारखान्यावर जीव असलेले.

तिथे एकच दुखणं होतं. तरुण इंजिनिअर टिकत नसत. वर्ष-दोन वर्षं काम शिकत आणि निघून जात. जाताना त्यांच्या प्रमुखांनी विचारलं, तर चांगली संधी मिळाली एवढंच सांगत.

मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख एक मॅडम होत्या. राजीनामा दिलेल्या प्रत्येकाला त्या शेवटच्या दिवशी बसवून घेत, चहा मागवत आणि घाई न करता ऐकत. पगाराबद्दल फार कुणी बोलत नसे. बहुतेक जण थोडं थांबून एकच गोष्ट सांगत, ‘मॅडम, इथे आमचं कुणी ऐकून घेत नाही.’

मॅडमनी विचार केला आणि एक योजना मांडली. प्रत्येक विभागप्रमुखाला एक कोच द्यायचा. वर्ग नाही, व्याख्यान नाही, परीक्षा नाही. पंधरा दिवसांतून एक तास बसायचं. खोलीत दोघंच आणि दार बंद. आपण माणसांशी कसं वागतो, निर्णय कसे घेतो, कुठे अडतो, यावर मोकळेपणी बोलायचं. मोठ्या साहेबांना कल्पना आवडली. त्यांनी लगेच परिपत्रक काढलं. सर्व विभागप्रमुखांनी आठ दिवसांत नाव नोंदवणे अनिवार्य आहे, असं त्यात लिहिलं होतं.

आठ दिवस झाले. नावांचा कागद कोराच राहिला.

मॅडम एकेकाच्या केबिनमध्ये गेल्या. वित्तप्रमुख म्हणाले, ‘मार्चअखेर आहे, आत्ता डोकं वर काढायला वेळ नाही.’ खरेदीप्रमुखांनी उठून दार लावलं आणि हळूच विचारलं, ‘मी तिथे जे बोलेन, ते साहेबांच्या कानावर जाणार ना?’ विक्रीप्रमुख आधी दुसऱ्या कंपनीत होते. तिथे ज्याला कोच दिला, त्याला सहा महिन्यांत घरी पाठवलं होतं. ते त्यांच्या मनातून जात नव्हतं.

कारखानाप्रमुख सर्वांत ज्येष्ठ होते. मशीनच्या नुसत्या आवाजावरून काय बिघडलंय ते सांगणारा माणूस. ते रागावले नाहीत. त्यांना वाईट वाटलं होतं. ‘मॅडम,’ ते म्हणाले, ‘माझं काही चुकलं असेल, तर साहेबांनी मला समोर बसवून सांगावं. एवढी वर्षं झाली आमची. मधे तिसरा माणूस कशाला?’

मॅडमकडे याचं उत्तर नव्हतं. परिपत्रकाचा कागद घेऊन त्या या कामासाठी ठरवलेल्या कोचकडे गेल्या. ते एका मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांनी कागद वाचला आणि परत दिला.

‘हे मागे घ्या,’ ते म्हणाले.

‘मग कुणीच येणार नाही, सर.’

‘एक जण आला तरी पुरे. तो कोण, एवढंच बघा.’

मॅडम परतल्या त्या थेट मोठ्या साहेबांकडे गेल्या. आधी परिपत्रक मागे घ्यायला सांगितलं. ते साहेबांनी ऐकलं. मग त्या म्हणाल्या, ‘साहेब, पहिलं नाव तुमचं हवं.’

साहेब खुर्चीत मागे रेलले. ‘माझं? मॅडम, हा कारखाना मी उभा केलाय. मला काय शिकवणार ते?’

मॅडमनी त्यांना एक घडलेली गोष्ट सांगितली. २००१ साली एरिक श्मिट गुगलचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. त्याआधी त्यांनी नोव्हेल ही मोठी कंपनी चालवली होती. गुगलच्या संचालक मंडळावर जॉन डोअर होते. त्यांनी श्मिटना सुचवलं, कोच घ्या. श्मिटना ते रुचलं नाही. एवढा अनुभव असताना मला कोच कशाला, माझं काही बिघडलंय का, असंच त्यांना वाटलं. त्यात सुचवलेला माणूस बिल कॅम्पबेल. एके काळी कोलंबिया विद्यापीठात अमेरिकन फुटबॉलचा संघ घडवणारा. तरी श्मिट त्यांच्याबरोबर बसले. पुढे कॅम्पबेल २०१६ साली वारले, तोवर हे नातं टिकलं. आजवर मिळालेला सर्वांत चांगला सल्ला कोणता, असं विचारल्यावर श्मिटनी कोच घेण्याचा हाच सल्ला सांगितला होता. २०१९ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांसह कॅम्पबेलवर एक पुस्तकही लिहिलं.

साहेब बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, ‘बुधवारी बोलवा त्यांना.’

तो बुधवार गेला. त्यानंतरचे काही बुधवारही गेले. कोच यायचे, साहेबांचं दार तासभर बंद असायचं, मग ते निघून जायचे. आत काय बोलणं झालं ते कुणालाच कळलं नाही. मॅडमनाही नाही. आणि बाहेर काही येत नाही, हे हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं.

एका मासिक बैठकीत खरेदीप्रमुख स्टीलच्या दरांबद्दल सांगत होते. साहेबांनी सवयीने मध्येच तोंड उघडलं, आणि मिटलं. खरेदीप्रमुखांचं बोलणं पूर्ण झालं. तेव्हा साहेब म्हणाले, ‘एक सांगतो तुम्हाला. मी दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. आयुष्यभर असंच केलं आणि मला ते माहीतच नव्हतं. ते सर सांगेपर्यंत कळलं नाही. प्रयत्न चाललाय. मध्ये बोललो तर मला थांबवा.’

खोलीत कुणी काही बोललं नाही. पण बैठक संपल्यावर खरेदीप्रमुख मॅडमच्या टेबलापाशी थांबले आणि त्यांनी आपलं नाव दिलं.

वित्तप्रमुखांनी मात्र स्पष्ट नकार दिला. मला हे नको, मी असाच बरा आहे, असं त्यांनी साहेबांच्या तोंडावर सांगितलं. साहेब म्हणाले, ‘बरं.’ सगळे वाट बघत राहिले. वित्तप्रमुखांची पगारवाढ नेहमीसारखी झाली. साहेब त्यांच्याशी आधीसारखेच बोलत राहिले. काहीच घडलं नाही. हे काहीच न घडणं फार मोलाचं होतं. नकार देणाऱ्याला धक्का लागला नाही, तेव्हा विक्रीप्रमुखांची भीती गेली आणि त्यांनी नाव दिलं.

कारखानाप्रमुख अजून बाजूलाच होते.

एक दिवस एका शाफ्टच्या मापावरून वाद झाला. ते स्वतः गेज, म्हणजे मापाची उपकरणं, ठेवतात त्या खोलीत गेले आणि त्यांनी मायक्रोमीटर मागितला. तिथे एक नवा मुलगा होता. त्याने मायक्रोमीटर उचलला, त्यावर चिकटवलेली तारीख पाहिली आणि पुन्हा पेटीत ठेवला.

‘साहेब, हा नाही देता येणार. कॅलिब्रेशनची तारीख उलटलीय. काल लॅबला जायला हवा होता.’

‘अरे, हा सगळ्यात चांगला आहे आपला. बरोबर मापतो.’

‘मापत असेल, साहेब,’ मुलगा अदबीने म्हणाला. ‘पण ते त्याचं त्याला कळत नाही ना.’

त्याने दुसरा मायक्रोमीटर काढून दिला. कारखानाप्रमुखांनी तो घेतला, पण ते जागचे हलले नाहीत. चांगलं उपकरणही ठरलेल्या मुदतीला बाहेर जातं, त्याहून भरवशाच्या प्रमाण मापाशी ताडून परत येतं. ते प्रमाण माप त्याच्याहून वरच्या मापाशी ताडलेलं असतं, आणि अशी साखळी शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोचते. हे त्यांनीच कितीतरी पोरांना शिकवलं होतं. लॅबला पाठवलं म्हणून मायक्रोमीटरचा अपमान झाला, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते मॅडमकडे गेले. ‘एकदा भेटतो,’ एवढंच म्हणाले.

पहिल्या भेटीत कोचनी त्यांना एका सर्जनची हकीकत सांगितली. अमेरिकेतले अतुल गावंडे. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे त्यांचे वडील. कारखानाप्रमुख पुसदचे. ‘उटी? आमच्याच भागातलं की!’ असं म्हणून ते खुर्चीत पुढे सरकले. गावंडे नावाजलेले सर्जन होते, पण आपली प्रगती थांबली आहे असं त्यांना वाटू लागलं होतं. त्यांनी आपल्या एका निवृत्त गुरूंना ऑपरेशन बघायला बोलावलं. गुरू टिपणं घेत होते. ऑपरेशन छान झालं. मग गुरूंनी टिपणं काढली. मधूनमधून तुमचं कोपर खांद्यापर्यंत वर जातं, तेव्हा हातावरचा ताबा सुटतो. दिव्याचा झोत जखमेवरून सरकला होता आणि बराच वेळ तुमच्या ध्यानात आलं नाही. रुग्णावरचं कापड तुम्हाला सोयीचं होतं, पण समोरच्या मदतनिसाला नव्हतं. गावंडेंनी हे सगळं २०११ साली लिहून छापलं.

‘कोपर वर जातं, हे त्यांना स्वतःला दिसत नव्हतं?’ कारखानाप्रमुखांनी विचारलं.

‘नजर जखमेवर असते,’ कोच म्हणाले. ‘तुम्हाला काय बघून हवंय?’

हे ठरवायचं त्यांनी कारखानाप्रमुखांवर सोडलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘माझी पोरं का जातात, ते कळायला हवंय मला.’

पुढच्या सोमवारी सकाळच्या उत्पादन बैठकीत कोच मागे एका स्टुलावर बसले. बैठक संपल्यावर दोघं केबिनमध्ये आले. कोचनी वही उघडली. ‘तुम्ही अकरा प्रश्न विचारले. दहांची उत्तरं तुम्हीच दिली. एकाचं उत्तर त्या चष्मेवाल्या मुलीने द्यायला सुरुवात केली, तेव्हा तुम्ही घड्याळाकडे बघितलंत.’

कारखानाप्रमुखांनी वही स्वतःकडे ओढली आणि पुन्हा वाचली. त्यावर ते वाद घालू शकले नाहीत. त्यात मत नव्हतं, माप होतं.

त्यांनी एकच गोष्ट धरली. प्रश्न विचारल्यावर गप्प राहायचं. ऐकायला सोपं, पण त्यांना फार जड गेलं. पहिल्या काही दिवसांत बैठकीत अवघड शांतता पसरायची. लोक एकमेकांकडे बघायचे. एका सकाळी तिसऱ्या पाळीतल्या भंगाराचा विषय निघाला. असं का होतंय, असं विचारून ते थांबले. बऱ्याच वेळाने ती चष्मेवाली मुलगी म्हणाली, ‘सर, रात्री कूलंटची पातळी कुणी बघत नाही. मी दोनदा लिहून दिलं होतं.’ तिने लिहिलेला कागद त्यांच्याच खणात सापडला.

ती मुलगी पुढेही तिथेच राहिली. त्यानंतर कुणीच गेलं नाही, असं मात्र नाही. माणसं येतात, जातात. पण जाणारे आता आपल्या प्रमुखांनाही खरी कारणं सांगून जाऊ लागले.

मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाला शिकायचं नसतं, असं आपण फार लवकर म्हणून टाकतो. त्या विभागप्रमुखांपैकी बहुतेकांचा शिकण्याला विरोध नव्हता. एकाला वाटत होतं की आपल्यावर ठपका आलाय, दुसऱ्याला आपले शब्द फुटतील अशी धास्ती होती, तिसऱ्याला नोकरीची. वर्षानुवर्षं उत्तरं देत आलेल्या माणसाला, मला दिसत नाही, तुम्ही सांगा, असं म्हणणं सोपं नसतं. त्याआधी त्याच्याहून वरच्या कुणीतरी ते म्हणून दाखवावं लागतं. नको म्हणण्याची मोकळीकही खरी असावी लागते. ती खरी आहे, हे तिथे सर्वांना वित्तप्रमुखांमुळे कळलं.

तुमच्याकडे अशी योजना आणायची असेल, तर परिपत्रक काढू नका. पहिला तास स्वतःसाठी मागा, आणि त्या तासात स्वतःबद्दल काय कळलं त्यातलं थोडं आपल्या माणसांना सांगा.