मृतांची जागा

खडकी येथील महायुद्धांतील सैनिकांची दफनभूमि पाहून आम्ही नारायण पेठेंतील घरीं परत येत होतों. मुख्यतः दुसऱ्या महायुद्धांत कामास आलेल्यांचीं थडगीं तेथें रांगेनें मांडलेलीं आहेत. हिरवळ कापलेली, फुलझाडें निगेनें राखलेलीं. आणि अधिकारी असो वा साधा शिपाई, दगड एकाच मापाचा. बरोबरच्या लहान मुलीनें वाटेंत विचारलें, "आपले पणजोबा कुठं पुरले आहेत?" पुरले नाहींत, ओंकारेश्वरापाशीं दहन केलें, असें आम्हीं सांगितलें. "मग ती जागा दाखवा ना!" आम्हांस ती दाखवितां आली नाहीं.

या प्रश्नास आमच्या समाजाचें ठराविक उत्तर आहे, व तें हलकें नव्हे. देह पंचमहाभूतांचा, तो त्यांचा त्यांस परत करावा आणि भूमि जिवंतांसाठीं मोकळी ठेवावी. अग्नि राजा-रंक पाहत नाहीं. श्राद्धांतहि आपण नांवानें पिंड देतों तो पिता, पितामह व प्रपितामह यांस. त्यापलीकडचे पूर्वज हळूहळू नांवांतून सुटतात. विसरण्यालाहि अशी मर्यादा व रीत आंखून दिलेली आहे, हें आम्हांस नेहमींच थोर वाटत आलें आहे.

परंतु हें उत्तर आपण प्रामाणिकपणें पाळलें काय? त्याच ओंकारेश्वराच्या परिसरांत चिमाजी आप्पांची समाधि आहे. 1739 सालीं वसई घेणारा हा वीर 1740 च्या डिसेंबरांत वारला. त्याच वर्षीं एप्रिलांत वडील बंधु बाजीराव नर्मदातीरीं रावेरखेडीस निवर्तले होते, व तेथें त्यांचीहि समाधि आहे. वानवडीस महादजी शिंद्यांची छत्री उभी आहे. म्हणजे दगड आपण थोरांसाठीं राखून ठेवले, आणि विस्मृतीचें तत्त्वज्ञान तेवढें सामान्यांस वांटलें! आप्पांच्या मागें त्यांची पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेली. समाधि मात्र आप्पांची म्हणूनच ओळखली जाते. जी जिवंतपणीं चितेवर चढली तिचें नांव घाटावरून जाणाऱ्या कितीजणांस ठाऊक असेल?

आतां दगड नसल्यानें नांव बुडतेंच असेंहि नाहीं. ज्याच्या नांवानें आमची पेठ, तो नारायणराव पेशवा 30 ऑगस्ट 1773 रोजीं शनिवारवाड्यांत मारला गेला, तेव्हां तो अवघा अठरा वर्षांचा होता. त्याची समाधि शोधीत कोणी फिरत नाहीं. पण आमच्या प्रत्येक पत्रावर त्याचें नांव असतें. टपालवालाच त्याचें नित्य श्राद्ध करतो म्हणावयाचें!

कोणी म्हणेल, आम्ही मृतांस घरांत जपतों, तसबिरींत आणि वंशावळींत. पण 12 जुलै 1961 रोजीं पानशेतचें धरण फुटलें, आणि ज्या मुठेस आपण राख दिली तीच मुठा आमच्या पेठेंतील घरांत शिरली. तसबिरी व कागद यांचा चिखल होण्यास किती वेळ लागतो, तें त्या दिवशीं जुन्या माणसांनीं पाहिलें.

मृतांचें देणें दगडानें फिटत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. मात्र दगड नाहीं म्हणून देणेंच उरलें नाहीं, अशी सोय आपण करून घेतली आहे, असें आम्हांस वाटूं लागलें आहे.

दहनासाठीं आतां लोक वैकुंठाकडे जातात. दहाव्याच्या क्रियेसाठीं मात्र अद्यापि ओंकारेश्वराच्या घाटावर येतात. परवां आम्हीं त्या मुलीस तेथें नेलें. एका कुटुंबानें पिंड मांडला होता आणि कावळा शिवत नव्हता. एकानें आंब्याची आठवण काढली, दुसऱ्यानें देवदर्शनाची. शेवटीं थोरला मुलगा हात जोडून मोठ्यानें म्हणाला, "काळजी करू नका बाबा, धाकटीचं शिक्षण मी पुरं करीन." तरीहि कावळा फांदीवरून हलेना. मंडळी खालीं मान घालून उभीं राहिलीं.

मुलीनें आमचा हात ओढला व हळूच विचारलें, "कावळा आलाच नाही, तर त्यानं तिला शिकवायचं नाही का?"