बळ आणि चापल्य

तलवारीच्या लढाईंत जय बळकटाचा कीं चपळाचा, हा वाद फार जुना आहे; पण आमच्या घरांत तो अलीकडे एका नव्या वाटेनें शिरला आहे. तरुण मंडळी कल्पित वीरांच्या भूमिका घेऊन फांशांनीं जे खेळ खेळतात, त्यांत प्रत्येक वीराच्या कागदावर बळाचा एक आंकडा व चापल्याचा दुसरा आंकडा लिहिलेला असतो. या खेळांपैकीं आद्य मानला जाणारा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' अमेरिकेंत १९७४ सालीं निघाला. त्याच्या १९७८ सालच्या नियमग्रंथानें हातघाईच्या घावाची जोड बळाशीं घातली, आणि चापल्याकडे मुख्यतः नेम साधणें व घाव चुकविणें हें काम ठेवलें. पुढल्या आवृत्त्यांनीं हलक्या पात्याच्या तलवारीस चापल्याचा आंकडा लावण्याची मोकळीक दिली. यांत खरें कोणतें, यावर खेळणारे तावातावानें भांडतात. वडील माणसांना हा पोरखेळ वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. कारण या वादाच्या मुळाशीं नीतीचा एक प्रश्न आहे. 'शक्तीपेक्षां युक्ति श्रेष्ठ' हें आपण मुलांना लहानपणींच शिकवितों. तें खरें आहे काय?

प्रथम तलवारीकडेच पाहूं. चित्रांत वाटते तितकी ती जड नसते. एका हातानें चालवावयाच्या बहुतेक तलवारी किलोभराच्या आसपास भरतात; त्या नुसत्या उचलण्यास कांहीं पहिलवान लागत नाहीं. पण तीच वस्तु वेगानें फिरविणें, अर्ध्यावर थांबविणें आणि शत्रु सावरण्यापूर्वीं दुसऱ्या दिशेस वळविणें, यास मनगट, खांदा, कंबर व पाय या सर्वांचें बळ लागतें. वेग दुप्पट झाला म्हणजे आघाताची ऊर्जा चौपट होते, असें पदार्थविज्ञान सांगतें. परंतु तो वेग येतो कोठून? स्नायूंतूनच. मराठ्यांचा पट्टा या बाबतींत फार बोलका आहे. त्याची मूठ लोखंडी आवरणाच्या आंत असते व तें आवरण मनगटापासून कोपराकडे हात झांकून टाकतें. मनगट वाकवून वार करण्याची सोय तेथें नाहीं. सारें अंगच फिरवावें लागतें. पट्टा फिरविणारा पाहणाऱ्यास वाऱ्यासारखा हलका वाटतो, पण तो हलकेपणा त्याच्या खांद्यांनीं व कमरेनें कमावलेला असतो. त्यास बळ म्हणावें कीं चापल्य? आमच्या मतें, चापल्य हें बळाचें विरुद्ध टोंक नव्हे. तें शिस्तींत आणलेलें बळ होय.

महाभारतकारांना हा भेद चांगला ठाऊक होता. भीम व दुर्योधन गदा घेऊन समोरासमोर उभे राहिले, तेव्हां श्रीकृष्णानें अर्जुनास सांगितलें कीं, भीम बळानें अधिक आहे, पण दुर्योधन अभ्यासानें अधिक आहे, आणि अशा जोडींत अभ्यासी वरचढ ठरतो. दुर्योधन तेरा वर्षें भीमाच्या लोखंडी पुतळ्यावर गदा चालवीत होता. पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे. भीमानें त्याच्या मांडीवर गदा घातली. तशी त्याची प्रतिज्ञा होती हें खरें; तथापि नाभीखालीं मारूं नये हा गदायुद्धाचा नियम मोडला गेला आणि बलराम संतापला. यांत युक्ति कोणाची? दुर्योधनाचें कौशल्य ही युक्ति नव्हती; तो तेरा वर्षांचा घाम होता. युक्ति होती ती मांडीवरच्या घावांत. दुर्योधन अन्यायी होता, म्हणून त्याच्या अभ्यासाचें मोल कमी होत नाहीं. आणि भीमाची बाजू न्यायाची होती, म्हणून तो घाव निर्मळ ठरत नाहीं. आपण मात्र चापल्य व युक्ति यांना एकाच नांवानें गौरवितों, आणि घोटाळा तेथेंच होतो.

तोच घोटाळा आपण आपल्या इतिहासाविषयींही करतों. पूर्वीं कुलाबा म्हणविणाऱ्या आजच्या रायगड जिल्ह्यांत, थळच्या समोर समुद्रांत खांदेरीचें बेट आहे. १६७९ सालीं शिवाजीमहाराजांनीं तें तटबंदीनें बळकट करण्यास आरंभ केला. मायनाक भंडारी त्या कामावर होता. मुंबईच्या इंग्रजांना हें सहन होण्यासारखें नव्हतें. त्यांनीं जहाजें आणून बेटाची नाकेबंदी केली. ऑक्टोबरांतल्या लढाईंत मराठ्यांनीं 'डोव्हर' नांवाची गुराब पकडली खरी, पण 'रिव्हेंज' या जहाजाच्या तोफांपुढें त्यांच्या ताफ्यास मागें हटावें लागलें. त्या दिवशीं मोठ्या तोफेचें बळ सरस ठरलें. परंतु तीं मोठीं जहाजें वाऱ्याचीं बंदीवान होतीं. मराठ्यांच्या लहान नावा रात्रीच्या अंधारांत त्यांना चुकवून किनाऱ्यावरून माणसें व सामान पोहोंचवीत राहिल्या, आणि १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं नाद सोडला.

चपळाईनें बळास जिंकलें, असें म्हणून आपण येथें मोकळे होतों. पण त्या नावा कशानें चालत होत्या? वारा पडलेला असतांना त्यांना पुढें नेणारीं वल्हीं माणसांच्या दंडांवर चालत होतीं. शिवाजीमहाराजांच्या आरमारांत किनाऱ्यावरचे कोळी, भंडारी असे दर्यावर्दी लोक असत. खांदेरीच्या सरदारांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत, वल्हेकऱ्यांचीं नाहींत. दुरून पाहणाऱ्यास जें चापल्य दिसलें, तें वल्ह्यावर बसलेल्यास रात्रभराचे कष्ट होते.

येथें कोणी म्हणेल कीं, श्रमानें सर्व कांहीं साधतें असें आम्हांस म्हणावयाचें आहे. तसें नाहीं. याच किनाऱ्यावर मुरूडजवळ सिद्दींचा जंजिरा उभा आहे. शिवाजीमहाराजांना तो घेतां आला नाहीं. १६८२ सालीं संभाजीमहाराजांनाही आला नाहीं. निसर्गदत्त बळ अभ्यासानें पुसून जात नाहीं. दोघे सारखेंच शिकलेले असले तर थोराड देहाचें पारडें जड राहील, हें कबूल केलें पाहिजे. खेळाच्या नियमकर्त्यांनाही आम्ही दोष देत नाहीं. माणूस कागदावर मांडावयाचा तर कोठें तरी रेघ ओढावीच लागते. दोष तेव्हां लागतो, जेव्हां ती रेघ आपण घरांतल्या मुलांमध्यें ओढतों. एकास दांडगा म्हणून विचारांतून सूट, दुसऱ्यास हुशार म्हणून श्रमांतून सूट, आणि मुलीस नाजूक म्हणून दोहोंतूनही सूट देणारीं घरें थोडीं नाहींत. अशा घरांत तिघांचेंही सारखेंच नुकसान होतें.

तेव्हां ती म्हण टाकून द्यावी असें आमचें म्हणणें नाहीं; तिच्यांतल्या युक्तीचे दोन प्रकार मुलांना वेगळे करून दाखवावे, एवढेंच आहे. एक युक्ति स्वतःच्या श्रमांतून उपजते व तो श्रम सार्थकीं लावते. दुसरी श्रम चुकविते आणि तो कोणाच्या तरी माथीं मारते. बाहेरून दोन्ही सारख्याच चपळ दिसतात. म्हणून चपळ माणसाचें कौतुक अवश्य करावें. पण त्याच्या नावेंत वल्हें कोण मारीत आहे, तें आधीं पाहून घ्यावें.