बदल कीं प्रतारणा ?

मनुष्यानें मनुष्यावर जे आरोप करावयाचे त्यांत "तूं बदललास" हा एक मोठा विलक्षण आरोप आहे. चोरीचा किंवा लबाडीचा आरोप करावयाचा तर कांहीं पुरावा लागतो. येथें पुरावा लागत नाहीं, कारण आरोपी तो बहुधा कबूलच करतो. विसाव्या वर्षीं शिकावयास परगांवीं गेलेला मुलगा पंचविसाव्या वर्षीं परत येतो, जेवतांना पूर्वीसारखा बोलत नाहीं, आणि आई म्हणते, "तूं पहिल्यासारखा राहिला नाहींस." तें खरें असतें. पण खरें असलें म्हणजे तो अपराध झाला काय, हा प्रश्न जेवणाच्या पानावर कोणी काढीत नाहीं. आम्ही तो येथें काढूं इच्छितों. आणि त्यासाठीं जें उदाहरण घेणार आहों तें आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटेल. तें आहे मेटॅलिका नांवाच्या अमेरिकन बँडच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेचें.

ज्यांच्या घरांत सोळा ते तीस वर्षांचें कोणी राहतें, त्यांस हेवी मेटल या संगीताची ओळख, निदान बंद दाराबाहेरून, झालेली असेलच. विजेवर चालणाऱ्या गिटारींचा मुद्दाम भरड केलेला आवाज, छातींत जाऊन आदळणारे ड्रम, आणि गाण्यापेक्षां आरोळीला अधिक जवळचा असा कंठ. या गोंगाटांत बदलण्यासारखें असतें तरी काय, असें आम्हांसही पुष्कळ दिवस वाटत होतें. आमचा तो भ्रम एका मित्राच्या रागामुळें गेला. हा मित्र आणि आम्ही कॉलेजांत असतां एका वसतिगृहांत राहत होतों. मेटॅलिकाची पहिली ध्वनिमुद्रिका त्याच्यापाशीं कॅसेटवर उतरवून घेतलेली होती, आणि ती त्यानें इतकी वाजविली कीं तिच्यावरील अक्षरें पुसून गेलीं. पुढें कोणीं तरी त्याला दुसरी आणून दिली. तींतील चवथें गाणें सुरू झालें, साध्या गिटारीच्या तारा मंदपणें वाजूं लागल्या, आणि आमच्या मित्रानें यंत्र बंद केलें. "हे विकले गेले !" एवढेंच तो म्हणाला. त्याचा चेहरा मात्र घरांतील कोणी दगा दिल्यावर व्हावा तसा झाला होता. एका गाण्यासाठीं मनुष्यास इतकें दुःख व्हावें याचें आम्हांस तेव्हां हंसूं आलें. आतां येत नाहीं.

त्या दुःखामागील हकीकत थोडी सांगितली पाहिजे. मेटॅलिका हा बँड १९८१ च्या अखेरीस लॉस एंजेलिस येथें जन्मास आला. गाणारा व गिटार वाजविणारा जेम्स हेटफील्ड आणि मूळचा डेन्मार्कचा ड्रमवादक लार्स उल्रिक हे त्याचे संस्थापक. दोघांचेंही वय तेव्हां अठराच्या आगेंमागें. १९८२ सालीं त्यांनीं सात गाण्यांची एक नमुन्याची फीत तयार केली. ती दुकानांत मिळत नव्हती. एकानें दुसऱ्यासाठीं उतरवून घ्यावी, त्यानें ती टपालानें तिसऱ्याकडे धाडावी, अशा रीतीनें ती दूरदूरच्या देशांत गेली. म्हणजे या मंडळींस नांव मिळवून दिलें तें कोणा व्यापाऱ्यानें नव्हे. अनोळखी तरुणांनीं, स्वतःच्या टपालहंशिलानें. १९८३ च्या जुलैमध्यें मेगाफोर्स या लहानशा संस्थेनें त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली, तिचें नांव 'किल् 'एम ऑल', म्हणजे 'साऱ्यांना ठार करा'. (मूळचें नांव अश्लील म्हणून वितरकांनीं नाकारलें, तेव्हां त्यांच्यावरच्या संतापांत हें नवें नांव सुचलें, असें सांगतात.) तींत वेग होता, उद्दामपणा होता, आणि आपण व आपले श्रोते मिळून एक टोळी आहों ही भावना होती. आमच्या मित्रास जें प्रिय होतें तें हेंच. त्या टोळींत त्याला जागा होती.

दुसरी ध्वनिमुद्रिका 'राइड द लाइटनिंग' ही एका वर्षानेंच, १९८४ च्या जुलैमध्यें निघाली. ती कोपनहेगन येथें फ्लेमिंग रासमुसेन या ध्वनिमुद्रकाच्या हाताखालीं फेब्रुवारी-मार्चमध्यें तयार झाली. खोल्या घेण्यास पैसा नव्हता, म्हणून ही मंडळी दिवसा मुद्रणगृहांतच निजत आणि रात्रीं काम करीत. त्यापूर्वीं जानेवारींत बोस्टन येथें त्यांचें सामान चोरीस गेलें होतें, आणि त्यांतच हेटफील्डचा आवडता ध्वनिवर्धक गेला होता. त्या उद्विग्नतेंतून ज्या गाण्याचा उगम झाला तेंच 'फेड टु ब्लॅक', म्हणजे आमच्या मित्रानें बंद केलेलें तें चवथें गाणें. जवळजवळ सात मिनिटांचें हें गाणें जगण्याची इच्छा संपलेल्या माणसाच्या तोंडचें आहे. तें मंद सुरू होतें, हळूहळू जड होत जातें, आणि शेवटीं शब्द संपून नुसती गिटार राहते.

आतां आरोपाकडे वळूं. नीट पाहिलें तर आमच्या मित्राच्या त्या तीन शब्दांत दोन निराळे आरोप एकमेकांत गुंतलेले आहेत. 'हे बदलले' हा एक, आणि 'हे विकले गेले' हा दुसरा. पहिला वस्तुस्थितीविषयींचा आहे, दुसरा हेतूविषयींचा. सामान्यतः आपण पहिल्याचा पुरावा देऊन दुसरा सिद्ध झाला असें समजतों. घरांतही हेंच चालतें: मुलगा बदलला हें दिसतें, आणि लगेच त्याला कोणीं तरी फितविलें असें ठरतें, बहुधा सुनेनें!

विकण्याच्या आरोपाचा निकाल या प्रकरणीं तारखाच देतात. मेटॅलिकाचें हें नवें संगीत मार्च १९८४ मध्यें पुरें झालें. इलेक्ट्रा या मोठ्या कंपनीनें त्यांस न्यूयॉर्क येथें ऑगस्टमध्यें ऐकलें आणि सप्टेंबरांत करारानें बांधलें. विकणारा आधीं गिऱ्हाईक पाहतो. येथें गिऱ्हाईक मागाहून आलें. शिवाय बदल हा रातोरात आणलेला मुखवटाही नव्हता. पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या तोंडावर, एप्रिल १९८३ मध्यें, या मंडळींनीं डेव्ह मस्टेन या आपल्या गिटारवादकास मद्यपान व भांडणें यांमुळें घालवून दिलें होतें आणि त्याच्या जागीं कर्क हॅमेट यास घेतलें होतें. तरी दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेंतील दोन रचनांवर मस्टेनचें नांव सहरचनाकार म्हणून आहे. म्हणजे नव्या वळणाचें बीज जुन्या घरांतच पडलेलें होतें, आणि पेरणाऱ्यांपैकीं एकास उंबऱ्याबाहेर काढल्यावर तें उगवलें. माणसास घालवावें आणि त्याचे सूर ठेवून घ्यावे, यांत जें नैतिक कोडें आहे तें आम्हांस विकले जाण्याच्या आरोपापेक्षां अधिक बोचतें. परंतु त्याविषयीं आमच्या मित्राची कांहींच तक्रार नव्हती!

राहिला बदलाचा प्रश्न. येथें आमचें म्हणणें असें आहे कीं, आवाज बदलला तो सांगावयाचें बदललें म्हणून. दोन्हीं नांवेंच शेजारीं ठेवून पाहावीं. पहिल्याचा अर्थ 'साऱ्यांना ठार करा'. दुसऱ्याचा शब्दशः अर्थ 'विजेवर स्वार होणें'. पण अमेरिकन बोलींत तो प्रयोग विजेच्या खुर्चींत देहदंड भोगण्यास लावतात, आणि त्या नांवाचें गाणें खुर्चीस जखडलेल्या कैद्याच्या तोंडचें आहे. एका वर्षांत हे तरुण मारणाऱ्याच्या बाजूनें उठून मरणाऱ्याच्या बाजूला येऊन बसले ! आठ रचनांपैकीं बहुतेकांचा विषय मरण हाच आहे. अणुयुद्धांत सर्वांचें, खुर्चींत एकाचें, आणि हेमिंग्वेच्या १९४० सालच्या कादंबरीवरून घेतलेल्या 'फॉर हूम द बेल टोल्स' या गाण्यांत डोंगरावरच्या मूठभर सैनिकांचें. अपवाद नाहीं असें नव्हे. मिसर देशांतील प्रथमजातांच्या संहाराची बायबलांतील कथा ज्या 'क्रीपिंग डेथ' गाण्यांत आहे, तेथें बोलणारा स्वतः संहारकच आहे. पण एकंदर रोख स्पष्ट दिसतो. मारण्याच्या गर्जनेला वेग पुरतो. मरणाऱ्याच्या मनांत जावयाचें तर थांबावें लागतें, आवाज उतरवावा लागतो, एक सूर दुसऱ्याच्या सोबतीस आणावा लागतो. ही सुरांची संगत लावण्याची जाण त्यांस मुख्यतः बास गिटार वाजविणाऱ्या क्लिफ बर्टनकडून मिळाली. तो लहानपणीं पियानो शिकलेला होता आणि संगीतशास्त्राचाही त्यानें अभ्यास केला होता. (१९८६ च्या सप्टेंबरांत स्वीडनमध्यें प्रवासाची बस उलटून तो चोविसाव्या वर्षीं गेला.) गंमत अशी कीं, या ध्वनिमुद्रिकेचा आरंभच मुळीं साध्या गिटारीच्या गोड सुरावटीनें होतो, पण ती पाऊण मिनिटांत संपून पूर्वींचा वेग येतो, म्हणून आमच्या मित्रानें तिला क्षमा केली होती. अपराध लहान असला म्हणजे तो अपराध वाटत नाहीं.

आशयाबरोबर बदललेलें रूप आणि गिऱ्हाइकासाठीं बदललेलें रूप यांतील भेद बाहेरून ओळखतां येतो काय ? नेहमींच येतो असें आम्ही म्हणणार नाहीं. पण करणाऱ्याच्या मनाला तो बहुधा कळतो, आणि याची साक्ष याच ध्वनिमुद्रिकेंत आहे. तींतील सहावें गाणें 'एस्केप'. याचें वळण सोपें, चालीस रुळलेलें; सुटें काढून खपवावें असा त्यामागें उद्देश होता. हें गाणें या मंडळींनीं अठ्ठावीस वर्षें कोणत्याही मैफलींत म्हटलें नाहीं. शेवटीं जून २०१२ मध्यें, सगळी ध्वनिमुद्रिका वाजविण्याचा प्रसंग आला तेव्हां, तें नाइलाजानें म्हणावें लागलें. उलट 'फेड टु ब्लॅक', ज्याच्यावर विकले गेल्याचा शिक्का बसला, तें त्यांनीं वर्षानुवर्षें हजारों लोकांपुढें म्हटलें. श्रोत्यांनीं ज्यास पाप ठरविलें तें त्यांस कधींच पाप वाटलें नाहीं. आणि जें त्यांस सलत होतें त्याजकडे आरोप करणाऱ्यांचें लक्षही गेलें नाहीं.

परंतु हा खटला इतका सोपा ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १९९१ सालीं याच बँडनें स्वतःच्याच नांवाची जी ध्वनिमुद्रिका काढली ती या दुसरीपेक्षां कितीतरी अधिक संथ, आटोपशीर आणि घोटीव होती. ती एकट्या अमेरिकेंत दीड कोटीहून अधिक खपली, आणि जुना आरोप दसपटीनें उठला. तेथें आमचें मन डळमळतें. तींतील कांहीं गाणीं खपण्यासाठींच घासून गुळगुळीत केलीं असावीं असें वाटतें. पण मग आठवतें कीं, हेटफील्डची आई तो लहान असतां कर्करोगानें वारली, धर्मश्रद्धेमुळें तिनें उपचार नाकारले होते, आणि त्याविषयींचा त्याचा कडू राग याच ध्वनिमुद्रिकेंतील एका गाण्यांत आहे. तो राग विकाऊ म्हणण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं. हेतूचा न्याय करावयास बसलें म्हणजे असें होतें. एकाच पाटावर दोन्ही धान्यें मिसळलेलीं सांपडतात.

बदल हाच सद्गुण, असाही आमचा पक्ष नाहीं. प्रतिभा नवनवोन्मेषशालिनी असावी असें आपल्याकडील साहित्यशास्त्र सांगतें, आणि त्याचा आधार घेऊन जो तो उठतो तो कालचें टाकून देण्यास प्रतिभा म्हणूं लागतो. मेटॅलिकानें ज्यांस गुरुस्थानीं मानलें तो मोटरहेड हा इंग्लंडांतील बँड १९७५ पासून, त्याचा नायक लेमी २०१५ च्या डिसेंबरांत वारला तोंपर्यंत, जवळजवळ एकाच आवाजांत गात राहिला. त्याला कोणीं साचलेला म्हटलें नाहीं. त्याला सांगावयाचें तेंच होतें, आणि तें त्याला चाळीस वर्षें पुरलें. एकच व्रत जन्मभर पाळणारा आणि व्रत पुरें करून दुसरें घेणारा, यांत उणें कोण हें आम्ही ठरवूं शकत नाहीं.

मग श्रोत्याचें कलावंतावर कांहींच ऋण नाहीं काय ? आहे, असें आम्हांस वाटतें. टपालहंशील खर्चून ज्यानें तुमची फीत गांवोगांव नेली, त्याला तुम्ही फसवूं नये एवढें तरी त्याचें ऋण आहे. पण 'तुम्ही आहां तसेच राहा' असा करार त्या पाकिटांत घातलेला नव्हता. आमच्या मित्राची चूक एवढीच कीं, त्यानें आपल्या दुःखाला आरोपाचें रूप दिलें. "माझी टोळी मोडली, मी एकटा पडलों," असें तो म्हणाला असता तर त्याला उत्तर द्यावयास कोणापाशीं तोंड नव्हतें. तें दुःख अगदीं खरें होतें. ज्या आवाजानें त्याला 'तूं एकटा नाहींस' असें सांगितलें, तोच आवाज आतां स्वतःच्या एकटेपणाविषयीं बोलूं लागला होता. अठराव्या वर्षीं हें सहन होणें कठीण. दुसऱ्या कित्येक तरुणांस मात्र नेमक्या याच गाण्यानें आधार दिला. तशीं शेंकडों पत्रें आपणांस आलीं, असें हेटफील्डनें पुढें सांगितलें आहे. एकाच गाण्यानें एकास घराबाहेर काढल्यासारखें वाटावें आणि दुसऱ्यास घर सांपडल्यासारखें, याला गाणारा तरी काय करणार ?

हा लेख लिहिण्यापूर्वीं आम्ही त्या मित्राकडे गेलों होतों. त्याचा मुलगा आतां महाविद्यालयांत आहे, आणि त्याच्या खोलींतून निराळ्याच कसल्या तरी संगीताचा दणदणाट येत होता. आम्ही वरील सारें प्रतिपादन, तारखांसुद्धां, मित्रापुढें मांडलें. त्यानें तें शांतपणें ऐकून घेतलें, चहा मागविला, आणि म्हणाला, "तुमचें सगळें बरोबर आहे. तरी ती दुसरी मी घरांत आणणार नाहीं." मग मुलाच्या खोलीच्या दाराकडे पाहून हळूच म्हणाला, "हा पूर्वीं माझ्याजवळ बसून ऐकायचा."