बिनकामाचा रकाना

ऑस्ट्रेलियात पार्क्स गावाबाहेर, मेंढ्यांच्या कुरणांमध्ये, ६४ मीटर व्यासाची एक रेडिओ दुर्बीण उभी आहे. १९६९मध्ये माणूस चंद्रावर चालला तेव्हा जगाने टीव्हीवर जे पाहिलं, त्यातला बराचसा भाग या थाळीने झेलला होता. अशा खानदानी दुर्बिणीला बरीच वर्षं भुताटकीने पछाडलं होतं. मधूनच एक सिग्नल यायचा, क्षणभर टिकायचा आणि नाहीसा व्हायचा. वरच्या वारंवारितेपासून खालच्या वारंवारितेकडे शिट्टीसारखा घसरत जायचा. अंतराळातून खूप लांबून येणाऱ्या लहरी अशाच घसरतात, कारण वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारितेच्या लहरी मागे रेंगाळतात. जितकं रेंगाळणं जास्त, तितका प्रवास लांबचा, असा ढोबळ हिशेब.

पण या सिग्नलात एक खोट होती. दुर्बिणीच्या ग्राहकयंत्राला तेरा डोळे होते आणि हा सिग्नल तेराही डोळ्यांना एकदम दिसायचा. आकाशातली वस्तू एका डोळ्यासमोर असते, फार तर दोन-तीन. तेराही डोळ्यांत एकदम घुसतं ते जमिनीवरचं, शेजारपाजारचं. म्हणजे नक्कल हुबेहूब आकाशाची, पण पत्ता पृथ्वीवरचा. खगोलशास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं ‘पेरिटॉन’. बोर्हेस या लेखकाच्या काल्पनिक प्राण्यांच्या पुस्तकात या नावाचं पंख असलेलं एक हरीण आहे, त्याची सावली मात्र माणसाची पडते. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.

१९९८ पासूनच्या जुन्या नोंदींतही हे पेरिटॉन सापडले. वीज कडाडल्यामुळे, वातावरणातल्या कशामुळे, असे तर्क झाले. शेवटी गुन्हेगार पकडला गेला तो एका साध्या गोष्टीमुळे. प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहिलेली होती. त्या वेळा एकत्र मांडल्यावर दिसलं की हे भूत कामाच्या दिवशी, कामाच्या वेळात येतं, आणि जेवणाच्या सुट्टीच्या आसपास जरा जास्तच येतं. आकाशगंगांना दुपारच्या डब्याची वेळ कशी कळावी? २०१५च्या जानेवारीत नव्या उपकरणाने दाखवलं की पेरिटॉन येतो त्याच क्षणी २.४ गिगाहर्ट्झलाही एक झटका येतो. ही मायक्रोवेव्ह ओव्हनची वारंवारिता. मग प्रयोग करून पाहिले. जेवण पुरतं गरम होण्याची वाट न बघता कोणी चालू ओव्हनचं दार उघडलं आणि दुर्बिणीचा रोख सोयीचा असला, की पेरिटॉन हजर.

ही गोष्ट सांगितली की लोक हसतात, आणि हसावंच. माझं लक्ष मात्र वेळेच्या त्या रकान्याकडे जातं.

पेरिटॉनच्या प्रकरणाला एक गंभीर बाजू होती. २००७मध्ये खगोलशास्त्रज्ञ डंकन लोरिमर यांच्या गटाने याच दुर्बिणीच्या जुन्या नोंदींतून एक विलक्षण झटका शोधून काढला होता. जेमतेम पाच मिलिसेकंदांचा, पण इतका प्रखर की यंत्राचा एक डोळा दिपून गेला. नोंद होती २४ जुलै २००१ची. म्हणजे सहा वर्षं ती माहितीच्या साठ्यात पडून होती आणि शेवटी एका पदवीच्या विद्यार्थ्याच्या नजरेस पडली. लहरींचं रेंगाळणं पाहता तो आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडून आला असावा, असा दावा होता. चार वर्षांनी पेरिटॉन उजेडात आले आणि लोरिमर यांच्या झटक्याकडेही लोक तिरक्या नजरेने बघू लागले. हाही कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला निघाला तर?

तो तसा निघाला नाही. २०१३मध्ये आणखी चार झटके जाहीर झाले. पुढे दुसऱ्या दुर्बिणींनाही ते दिसले. २०१७मध्ये वारंवार धडकणाऱ्या एका झटक्याचं घर सापडलं, सुमारे तीन अब्ज प्रकाशवर्षांवरच्या एका खुज्या आकाशगंगेत. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीनेही अशाच एका वारंवार येणाऱ्या स्रोताचे झटके टिपले आहेत. आज हे ‘फास्ट रेडिओ बर्स्ट’ खगोलशास्त्राचं एक गजबजलेलं दालन आहे. ओव्हनचा छडा लागल्याने त्यांचं नुकसान झालं नाही, उलट त्यांच्या अंगावरचा संशय धुतला गेला. खऱ्या झटक्यांना जेवणाची वेळ नव्हती. खरं आणि खोटं वेगळं करायला वेळेचा तोच रकाना कामी आला.

आमच्या घरी दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी तोच संवाद होतो. मी काही टाकायला काढलं की आतून आवाज येतो, “असू दे, लागेल कधीतरी.” बिस्किटांच्या जुन्या डब्यात किल्ल्या आहेत, कोणत्या कुलपांच्या ते कोणालाच ठाऊक नाही. विज्ञानाच्या गोदामाबद्दलही असंच बोललं जातं: साठवून ठेवा, उद्या उपयोगी पडेल. हे अर्धंच खरं आहे. किल्ल्या साठवून उपयोग नाही. प्रत्येक किल्लीला चिठ्ठी बांधलेली हवी, आणि चिठ्ठीवर आज बिनकामाचं वाटणारं काहीतरी लिहिलेलं हवं. नाहीतर ते भंगारच.

बिनकामाचं म्हणजे किती बिनकामाचं? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी गांधीलमाश्यांचा अभ्यास सुरू केला तेव्हा त्यांना परदेशातून काही मागवावं लागलं नाही. त्या माश्या आवारातल्या इमारतींना पोळी करून राहतच होत्या. रोपालिडिया मार्जिनाटा हे त्यांचं शास्त्रीय नाव. दिसायला राणी आणि कामकरी सारख्याच. प्रत्येकीच्या अंगावर रंगाचे ठिपके द्यायचे, पोळ्यासमोर खुर्ची टाकायची आणि ठरावीक वेळाने कोण काय करतंय ते लिहायचं. एवढंच भांडवल. आता असा विचार करा: पोळ्यावर वीस-तीस माश्या आहेत. एक दुसरीवर धावून जाते, एक अळीला भरवते, एक तोंडात शिकार घेऊन परतते. आणि एक नुसती बसली आहे. पुन्हा पाहिलं तरी बसली आहे. आपण असतो तर ‘बसली’ असं किती वेळा लिहिलं असतं? चौथ्या वेळेस कंटाळून तो रकाना सोडून दिला असता.

गदगकर आणि एन. व्ही. जोशी यांनी तो सोडला नाही. १९८३मध्ये त्यांनी माश्यांच्या वेळेचे हिशेब मांडले, कोणती किती वेळ काय करते याचे. त्यातून तीन गट वेगळे झाले: बसणाऱ्या, भांडणाऱ्या आणि बाहेर जाऊन अन्न आणणाऱ्या. राणी कोणत्या गटात? तोवर पाहिलेल्या तशाच पोळ्यांच्या जातींत राणी ही सगळ्यांत दांडगी, दमदाटी करणारी असते, त्यामुळे ती भांडणाऱ्यांत असणार अशीच कोणाचीही अटकळ. इथे राणी निघाली बसणाऱ्यांत. राज्य चालवणारी बाई कोपऱ्यात गप्प. पुढे तिला पोळ्यावरून उचललं तेव्हा आणखी मौज दिसली. काही मिनिटांतच एक कामकरी कमालीची आक्रमक होते, आठवड्याभरात हळूहळू निवळते, अंडी घालायला लागते, आणि मग तीही जुन्या राणीसारखी गप्प बसते. राणीपद मिळवायला भांडावं लागतं, टिकवायला नाही. राजकारणाच्या अभ्यासकांनी यावर काय म्हणावं ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

कीटक आणि आकाश या दोन टोकांना गाठ मारणारा एक शेणकिडाही इथे आठवतो. आफ्रिकेतला हा किडा शेणाचा गोळा करतो आणि ढिगाऱ्यापासून सरळ रेषेत ढकलत नेतो, कारण रेंगाळला तर दुसरा किडा गोळा पळवतो. चंद्रप्रकाशाच्या आधाराने तो दिशा धरतो, हे स्वीडनच्या मारी डाके आणि सहकाऱ्यांना आधीच ठाऊक होतं. अडचण चंद्र नसलेल्या रात्रींची. त्या रात्री किड्यांनी भरकटायला हवं होतं, ते भरकटत नव्हते, आणि ही विसंगती त्यांनी सोडून दिली नाही. म्हणून त्यांनी किड्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या घातल्या, आकाश झाकलं, तेव्हा कुठे ते भरकटू लागले. मग जोहान्सबर्गच्या तारांगणात नेऊन त्यांना नुसता आकाशगंगेचा पट्टा दाखवला. तेवढ्यावर ते सरळ गेले. २०१३मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी त्याला गमतीशीर संशोधनाला दिलं जाणारं इग्नोबेलही मिळालं, जीवशास्त्र आणि खगोलशास्त्र या दोन्हींचं मिळून.

हे सगळं गमतीचं. बिनकामाच्या रकान्याची खरी किंमत कळते ती गाठींच्या, ट्यूमरच्या, दुनियेत.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनमध्ये आर्थर हर्बस्ट आणि हॉवर्ड उल्फेल्डर या स्त्रीरोगतज्ज्ञांसमोर काही कोवळ्या मुली आल्या. वय पंधरा ते बावीस. त्यांच्या योनिमार्गात एक प्रकारचा कॅन्सर होता, ‘क्लिअर सेल ॲडिनोकार्सिनोमा’. हा कॅन्सर एरवी अत्यंत विरळा, आणि झालाच तर उतारवयातल्या बाईला. एका डॉक्टरला आयुष्यात अशी एखादी केस दिसायची, तीही या वयात नाहीच. इथे थोड्या वर्षांत एकापाठोपाठ एक. पेशंटचा इतिहास घेतात तसा घेतला: पाळी, पूर्वीचे आजार, घराण्यातले रोग. काही हाती लागेना.

धागा दिला तो एका मुलीच्या आईने. गरोदर असताना मी डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल घेतलं होतं, त्याचा काही संबंध असेल का, असं तिने विचारलं. मुलीच्या आजाराच्या फॉर्मवर आईच्या पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या गोळ्यांसाठी रकाना कोण कशाला छापेल? गर्भपात टळावा म्हणून त्या काळी अमेरिकेत ही गोळी सर्रास दिली जात होती. ती गर्भपात टाळत नाही, हे १९५३मध्येच शिकागोच्या एका मोठ्या चाचणीत दिसलं होतं, तरी लिहून देणं सुरूच राहिलं. यावर खूप काही बोलता येईल, पण तो वेगळ्या लेखाचा राग आहे.

हर्बस्ट, उल्फेल्डर आणि साथरोगतज्ज्ञ डेव्हिड पॉस्कँझर यांनी मग तो रकाना तयार केला. आठ रुग्ण मुली घेतल्या. प्रत्येकीच्या जोडीला, त्याच इस्पितळात त्याच सुमारास जन्मलेल्या चार निरोगी मुली. सगळ्यांच्या आयांना विचारलं. आठांपैकी सात रुग्णांच्या आयांनी गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत ती गोळी घेतली होती. बत्तीस निरोगी मुलींच्या आयांपैकी एकीनेही नाही. १९७१मध्ये हे छापून आलं आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गरोदर स्त्रियांना ही गोळी देऊ नये असं कळवलं.

आठ. संख्याशास्त्राचा कोणीही विद्यार्थी म्हणेल, नमुना फार लहान. पण ही गाठ दुर्मिळ होती म्हणूनच आठ पुरल्या. याच गोळीने पोरींना साधा ताप आला असता, तर लाखो तापांत तो विरघळून गेला असता आणि कुणाच्या ध्यानीमनीही आलं नसतं. दुर्मिळ गाठीवर खर्च कशाला, आधी सर्रास होणारे रोग बघा, असा युक्तिवाद आपल्याकडे नेहमी ऐकू येतो. पैशाच्या बाजूने तो रास्तही आहे. पण जे विरळा असतं ते शांत खोलीतल्या टाचणीसारखं असतं. पडली की ऐकू येते. गोंगाटात पडलेला हंडासुद्धा ऐकू येत नाही.

हर्बस्ट यांनी त्याच वर्षी या एका गाठीसाठी स्वतंत्र नोंदवही उघडली. पुढे ती शिकागो विद्यापीठात सांभाळली गेली. ती उघडी राहिली म्हणूनच कळलं की ही गोळी पोटात भोगलेल्या मुलींपैकी साधारण हजारात एकीला हा कॅन्सर होतो. घाबरलेल्या हजारो घरांना हा आकडा किती मोठा दिलासा होता, याची कल्पना करून पाहावी.

नोंदवहीची ही परंपरा आपल्याकडे नाही असं नाही. मुंबईत १९६३ पासून कॅन्सरची लोकसंख्येवर आधारित नोंदणी आहे, देशातली पहिली. ग्रामीण भागातली पहिली १९८७मध्ये सुरू झाली ती बार्शीत. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावोगाव माणसं जातात, विचारतात, लिहून घेतात. हे काम वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर कधी येत नाही. आणि परळच्या टाटा हॉस्पिटलच्या दारात प्लास्टिकच्या पिशवीत मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड छातीशी धरून उभे असलेले नातेवाईक ज्याने पाहिलेत, त्याला ‘जपून ठेवणं’ म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

माझी काळजी दुसरी आहे. सगळं आता संगणकाच्या फॉर्मवर आलं. फॉर्ममध्ये पर्यायांची यादी असते, त्यातला एक निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. आकाशातून येणारी माहितीही इतकी प्रचंड की ती यंत्रं चाळतात, आणि चाळणीची भोकं आपण आधी ठरवतो. चाळणीला मी विरोध करणार नाही, तिच्याशिवाय भागणारच नाही. पण चाळणीला ‘हिने गोळी घेतली होती, त्याचा काही संबंध असेल का’ असं विचारता येत नाही.

माझ्या काकूंना तीन वर्षांपूर्वी गाठ निघाली, डॉक्टरांनी क्वचितच पाहिलेली. एका इस्पितळात शिकाऊ डॉक्टर संगणकावर त्यांची माहिती भरत होता. वय, वजन, तंबाखू, मिसरी. व्यवसायापाशी त्याने न विचारताच ‘गृहिणी’ निवडलं आणि पुढे गेला. काकू म्हणाल्या, “अहो डॉक्टर, लग्नाआधी आठ वर्षं मी सोलापूरला चादरीच्या कारखान्यात होते. रंगाच्या हौदापाशी.” त्याने मागे जाऊन पाहिलं. दोन व्यवसाय निवडता येत नव्हते. तो जरा थांबला, मग काकूंच्या जुन्या रिपोर्टाचा कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर पेनने लिहायला लागला. साल विचारलं, किती तास विचारलं, हातमोजे असायचे का तेही विचारलं. काकूंना हसू आलं.

“रंग कोणता होता?” त्याने विचारलं.

काकू आठवत राहिल्या. “निळा,” त्या म्हणाल्या. “दिवाळीच्या आधी दोन महिने लाल. एरवी निळाच.”

त्याने दोन्ही लिहून घेतले.